अनुदान पाचाचं सात झालं, तरी गाईवाल्याच्या हाती पस्तीसच का?

सिंहगड रोडवरच्या आमच्या सोसायटीत सकाळी सहाला दुधाच्या पिशव्या येतात. गाईच्या दुधाच्या लिटरभर पिशवीने पन्नाशी ओलांडली त्याला बरेच दिवस झाले. आणि इथून तास-दीड तासावर, शिरूर तालुक्यात माझी आत्या राहते. तिच्या गोठ्यात चार संकरित गाई आहेत. तिला तसल्याच दुधाचे लिटरमागे कधी तीस मिळतात, कधी अठ्ठावीस, कधी त्याहूनही कमी.

दर वर्षा-दोन वर्षांनी भाव कोसळतात. रस्त्यावर दूध ओतल्याचे फोटो येतात, मग सरकार ‘लिटरला अमुक रुपये अनुदान’ जाहीर करतं आणि सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी लिहितं, ‘आमच्या टॅक्सच्या पैशातून यांना अजून किती द्यायचं?’ मागच्या वेळी मी त्यावर उत्तर लिहायला घेतलं आणि थांबले. हा पैसा नेमका कुठून निघतो, कोणाच्या हातातून जातो आणि शेवटी कोणाला लागतो, हे सांगायला दोन ओळी पुरत नाहीत. म्हणून हा लेख.

आधी दुधाचा भाव कसा लागतो ते पाहू

गावातल्या संकलन केंद्रावर पहाटे रांग असते. आत्या दोन किटल्या घेऊन येते. केंद्रावरचा मुलगा दूध हलवून वाटीभर नमुना घेतो, मशीनची नळी त्यात बुडवतो आणि मिनिटभरात आकडे येतात. त्याच वेळी काट्यावर वजन होतं आणि एक छोटी चिठ्ठी बाहेर पडते: लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम. आत्या चिठ्ठी वाचते ती मधूनच, आधी एसएनएफ आणि मग बाकीचं. पैसे मात्र लगेच मिळत नाहीत. दहा दिवसांचं बिल एकदम निघतं. गावात त्याला ‘दुधाचा पगार’ म्हणतात.

या चिठ्ठीतले दोनच शब्द समजून घ्यायला हवेत. फॅट म्हणजे दुधातली स्निग्धता, ज्यातून साय, लोणी आणि तूप होतं. एसएनएफ म्हणजे पाणी आणि स्निग्धता वजा केल्यावर उरणारा सगळा ऐवज: प्रथिनं, दुधातली साखर, क्षार. सरकार जेव्हा म्हणतं ‘३.५ / ८.५ ला तीस रुपये’, तेव्हा त्याचा अर्थ होतो ३.५ टक्के फॅट आणि ८.५ टक्के एसएनएफ असलेल्या दुधाला तीस रुपये. सगळ्या दुधाला नव्हे. एक दशांश कमी भरला की त्याला एक ‘पॉइंट’ कमी म्हणतात आणि दर पॉइंटमागे पैसे कापले जातात. बातमीत तीस आणि चिठ्ठीवर साडेसत्तावीस दिसतात ते बऱ्याचदा यामुळे.

फॅट आणि एसएनएफ काही शेतकऱ्याच्या मुठीत नसतं. ऊन वाढलं की गाय कमी खाते आणि फॅट उतरते. चारा बदलला की आकडा बदलतो, गाय विऊन किती दिवस झाले त्यावरही तो हलतो. मुळात आपल्याकडची संकरित गाय जास्त दूध देते, पण ते दूध पातळ असतं. पुणे जिल्ह्यात ही गाय घरोघर आली त्यामागे उरुळी कांचनचं काम आहे. मणिभाई देसाईंनी १९६७ साली तिथे ‘बायफ’ ही संस्था सुरू केली आणि जर्सी-होल्स्टीन या परदेशी जातींच्या संकराने इथल्या गोठ्यांचं रूप पालटलं. दोन-तीन लिटर देणाऱ्या गाईच्या जागी दहा-बारा लिटर देणारी गाय आली. कोरडवाहू घरात दहा दिवसांनी रोख पैसा येऊ लागला, मुलांच्या फिया त्यावर भरल्या गेल्या. म्हणूनच भाव पडला की घाव थेट किराण्यावर आणि शाळेवर बसतो.

भाव पडतो कुठे? पावडरीच्या गोदामात

आपण पिशवीतून घेतो ते दूध म्हणजे डेअरीकडे येणाऱ्या दुधाचा एक भाग. उरलेल्याचं दही, पनीर, तूप होतं, आणि त्यातूनही जे उरतं त्याची पावडर आणि बटर करतात, कारण दूध साठवून ठेवता येत नाही, पावडर ठेवता येते. दिवाळीनंतर थंडी पडते, हिरवा चारा मुबलक असतो आणि दूध वाढतं. डेअरीच्या भाषेत हा ‘पुष्टकाळ’. उन्हाळ्यात दूध आटतं, तो ‘कृशकाळ’. पुष्टकाळात पावडर करायची आणि कृशकाळात ती वापरायची, असं हे चक्र आहे.

पुणेकराला हे धरणाच्या उदाहरणाने लगेच कळेल. पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला पावसाळ्यात भरून घ्यायची आणि उन्हाळ्यात पुरवायची. पण धरणं आधीच भरलेली असताना पाऊस चालूच राहिला, तर पाणी मुठेत सोडण्यावाचून इलाज नसतो. पावडरीची गोदामं भरलेली असली, देशात आणि परदेशात पावडरीला गिऱ्हाईक नसलं, की तीच गत दुधाची होते.

आता थोडा हिशेब. १०० लिटर गाईच्या दुधातून साधारण साडेआठ किलो पावडर आणि चार किलो बटर निघतं. समजा पावडर किलोमागे ५० रुपयांनी उतरली. साडेआठ गुणिले पन्नास म्हणजे ४२५ रुपये. शंभर लिटरमागे ४२५, म्हणजे लिटरमागे सव्वाचार रुपये गेले. जगाच्या दुसऱ्या टोकाला पावडर स्वस्त झाली आणि शिरूरच्या चिठ्ठीवरचे चार रुपये पुसले गेले, ते असे.

यावर कोणी विचारेल, थोड्याच दुधाची पावडर होते, मग भाव सगळ्या दुधाचा का पडतो? मार्केट यार्डात रोजच्यापेक्षा मेथीच्या वीस गाड्या जास्त आल्या तर फक्त त्या वीस गाड्या स्वस्त जात नाहीत, अख्ख्या यार्डातली मेथी उतरते. दुधाचंही तसंच, उलट जास्त वाईट. मेथी संध्याकाळपर्यंत तरी थांबते. धार काढलेलं दूध थंड केलं नाही तर काही तासांत नासतं. आत्याला किटली हातात धरून भावाची घासाघीस करता येत नाही, आणि हे घेणाऱ्यालाही पक्कं माहीत असतं.

‘मग बाजारावर सोडा ना! भाव पडला की लोक गाई कमी करतील’

हा आक्षेप मला प्रामाणिक वाटतो, म्हणून नीट उत्तर देते. टोमॅटो परवडत नसेल तर पुढच्या हंगामात दुसरं पीक घेता येतं. गाईचं तसं नसतं. ती गाभण राहिल्यापासून विईपर्यंत सव्वानऊ महिने जातात. कालवड जन्मल्यापासून पहिल्या वेतापर्यंत अडीच-तीन वर्षं. आज भाव पडला म्हणून दुभती गाय विकली, आणि सहा महिन्यांनी भाव चढला, तर तेवढ्यात गाय उभी करता येत नाही. आणि भाव पडतो तेव्हा सगळेच विकायला काढतात, म्हणजे गाईचाही भाव पडलेलाच असतो.

शिवाय गाय रोज खाते. बारा लिटर देणाऱ्या गाईला वीस-पंचवीस किलो हिरवा चारा किंवा मुरघास (मुरवून साठवलेला चारा), वर कडबा, आणि पाच-सहा किलो पेंड किंवा सुग्रास (तयार पशुखाद्य) लागतं. खर्च वाचवायला पेंड कमी केली तर दूध घटतं आणि पुढचा गाभही लांबतो. आत्याच्या शेजारच्या गोठ्यात हे मी डोळ्यांनी पाहिलंय. २०२३ च्या अखेरीस भाव पडल्यावर त्यांनी पेंड निम्मी केली. भाव सुधारला तोवर त्यांच्या तीन गाईंपैकी दोन भाकड होत्या.

२०२३ हे वर्ष तर मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखं आहे. जुलैत सरकारने ३.५ / ८.५ च्या दुधाला किमान ३४ रुपये ठरवून दिले. काही महिने बरे गेले आणि वर्ष सरताना भाव सव्वीस-सत्तावीसवर आला. किमान भाव कागदावर होता, पण तो न देणाऱ्यावर कारवाई करायला हातात पक्का कायदा नव्हता.

अनुदान म्हणजे नेमकं काय, आणि पाचाचं सात कसं झालं

भाव आणि खर्च यांतलं अंतर सरकारने काही काळ स्वतः भरायचं, एवढाच अनुदानाचा अर्थ. कल्पना नवी नाही. २०१८ च्या जुलैत राजू शेट्टींच्या स्वाभिमानी शेतकरी संघटनेने दूध रोखलं, तेव्हाही सरकारने पाच रुपये जाहीर केले होते. त्या वेळी पैसा डेअऱ्यांमार्फत जायचा, शेतकऱ्याला २५ रुपये द्यायचे या अटीवर. २०२४ साली ही वाट बदलली. गाईच्या दुधासाठी लिटरला पाच रुपये थेट शेतकऱ्याच्या बँक खात्यात टाकायचं ठरलं, आणि दूध सहकारी संघाला घातलं काय किंवा खाजगी डेअरीला घातलं काय, दोन्ही पात्र धरले गेले. हे चांगलं झालं. आपल्या राज्यात बरंचसं दूध खाजगी डेअऱ्याच उचलतात. योजना फक्त सहकारी संघांपुरती ठेवली असती तर बहुसंख्य गोठे बाहेरच राहिले असते.

आता तारखा नीट पाहा. पहिला टप्पा ११ जानेवारी ते १० मार्च २०२४. मग थेट १ जुलैपासून दुसरा. मधले ११२ दिवस अनुदान नव्हतं. गाई मात्र त्या ११२ दिवसांतही खातच होत्या.

१ जुलैपासूनचं गणित असं होतं: ३.५ / ८.५ च्या दुधाला डेअरीने ३० रुपये द्यायचे, सरकारने ५, एकूण ३५. मग सप्टेंबरच्या शेवटी बातमी आली, ‘दूध अनुदानात दोन रुपयांची वाढ’. १ ऑक्टोबरपासून सरकार ७ देणार. आमच्या ग्रुपवर लगेच, ‘घ्या, अजून वाढवलं!’ पण त्याच निर्णयात डेअरीने द्यायचा भाव ३० वरून २८ वर आला होता. अठ्ठावीस अधिक सात म्हणजे पुन्हा पस्तीसच.

घरातलं उदाहरण घेऊ. मुलीच्या क्लासची फी ३५०० रुपये. बाबा ३००० भरतात, मामा ५०० भरतो. पुढच्या महिन्यापासून मामा म्हणाला, मी ७०० देतो, आणि बाबांनी २८०० द्यायला सुरुवात केली. मामाने जास्त दिले हे खरं. पण वाचले ते बाबांचे दोनशे. मुलीच्या पदरात नवं काहीच पडलं नाही.

या वाढीव दोन रुपयांत शेतकऱ्याच्या हाती नवा पैसाही आला नाही. दिलासा मिळाला तो डेअरीला. तेव्हा सरकारची बाजू अशी होती की बटर-पावडरीचे दर इतके उतरलेत की डेअऱ्यांना तीस परवडत नाहीत, आणि आपण दोन उचलले नसते तर शेतकऱ्याला ३५ ऐवजी ३३ मिळाले असते. हे शक्य आहे. मला खटकतं ते एवढंच की करदात्याचा पैसा डेअरीचा बोजा हलका करायला वापरला, तर तसं स्पष्ट सांगावं, आणि कोणत्या दराला पावडर विकली गेली म्हणून तीस परवडत नव्हते तो हिशेब लोकांपुढे ठेवावा. ‘अनुदान वाढवलं’ एवढंच म्हटल्याने शहरातल्या माणसाला वाटतं शेतकऱ्याला दोन रुपये जास्त गेले, आणि शिव्या आत्याने खायच्या.

कानातला बिल्ला आणि खात्यातले पैसे

थेट खात्यात म्हटलं की काम सोपं वाटतं. प्रत्यक्षात तीन गोष्टी एकमेकींशी जुळाव्या लागत: शेतकऱ्याचं आधार, आधारला जोडलेलं बँक खातं, आणि गाईच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा बारा आकडी नंबर. हा बिल्ला म्हणजे गाईचं आधार कार्डच समजा. तो ‘भारत पशुधन’ या सरकारी नोंदवहीत मालकाच्या नावाने चढवलेला असतो. दुधाची माहिती डेअरी भरायची, दुग्धव्यवसाय विकास विभाग ती तपासायचा आणि मग पैसे निघायचे.

अट योग्यच आहे. गाय नसताना कागदावर दूध दाखवून अनुदान उचलता येऊ नये, यासाठी बिल्ला हवाच. पण शेतकरी घर कसं चालतं ते या अटीत बसत नाही. आत्याच्या घरचंच सांगते. डेअरीतलं खातं मामांच्या, म्हणजे आत्याच्या यजमानांच्या नावावर. चारपैकी दोन गाईंचे बिल्ले मुलाच्या नावावर, कारण जनावरांचे डॉक्टर बिल्ले मारायला आले त्या दिवशी तोच घरी होता. एक गाय बाजारातून आणलेली, तिचा बिल्ला अजून जुन्या मालकाच्या नावावर. आणि चौथीचा बिल्ला गोठ्याच्या तारेत अडकून तुटलेला, कानाला नुसतं भोक. धारा काढते आत्या, आणि तिचं नाव या कशातच नाही.

त्यांचं रोजचं दूध चाळीस लिटरच्या आसपास. लिटरला पाच म्हणजे दिवसाचे दोनशे, महिन्याचे सहा हजार. पहिल्या टप्प्यात यातला एक रुपयाही आला नाही. आत्या केंद्रावर गेली, तिथून तिला जनावरांच्या दवाखान्यात पाठवलं, दवाखान्यातून बँकेत, बँकेतून परत केंद्रावर. प्रत्येक जण म्हणाला, ‘आमच्याकडून सगळं बरोबर आहे.’ मला यात कोणा एकाची लबाडी दिसत नाही. पण चूक कुठे अडकलीय हे शेतकऱ्याला एका ठिकाणी दिसेल अशी सोय असती, तर तिचे चार दिवस आणि एसटीचं भाडं वाचलं असतं.

‘टॅक्स आमचा, फायदा त्यांचा’

पीएमपीच्या बसचा खर्च नुसत्या तिकिटातून निघत नाही. तूट पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिका भरून काढतात, म्हणजे बसमध्ये कधी न बसणाऱ्याचाही पैसा त्यात असतो. आपण ते मान्य करतो, कारण बस बंद पडली तर शहर अडकेल. दुधाचंही तसंच आहे. अनुदान नाही म्हणून आज दहा गोठे बंद झाले, तर पुढच्या उन्हाळ्यात त्या गोठ्यांचं दूध नसेल, आणि ते परत उभे राहायला तीन वर्षं लागतील. तोवर पिशवी किती महाग होईल याचाही विचार टॅक्सचा हिशेब मांडताना करायला हवा.

पिशवीवरून आठवलं, शेतकऱ्याचा भाव पडला की आपली पिशवी स्वस्त का होत नाही? शीतकरण, टँकर, पॅकिंग, वितरक आणि दुकानदाराचं कमिशन हे खर्च दुधाच्या भावाबरोबर उतरत नाहीत, हे एक उत्तर. ते खरं आहे, पण पुरेसं नाही. दूध महागलं की पिशवीचे दोन रुपये झटक्यात वाढतात, आणि स्वस्त झाल्यावर तेवढ्या झटक्यात उतरल्याचं मी तरी कधी पाहिलं नाही.

म्हशीच्या दुधाला अनुदान का नव्हतं, असंही विचारतात. म्हशीच्या दुधात फॅट जास्त, त्याला भाव मुळातच वरचा, आणि पावडरीच्या पडझडीचा मार प्रामुख्याने गाईच्या दुधाला बसतो. म्हशीवाल्यांचीही पेंड महागलीय, त्यामुळे त्यांना हे कारण पटत नाही, आणि त्यांचंही चूक नाही.

उसासारखा पक्का भाव दुधाला का नाही?

उसाला एफआरपी आहे, म्हणजे कारखान्याने द्यायलाच हवा असा किमान भाव, आणि त्यामागे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाचं बळ आहे. दुधाला असं काही नाही. केंद्राच्या हमीभावाच्या यादीतही दूध नाही. म्हणून किसान सभेचे डॉ. अजित नवले आणि इतर कार्यकर्ते दुधालाही एफआरपी मागतात. अडचण अशी की ऊस वर्षातून एकदा तुटतो आणि साखर गोदामात थांबते. दूध दिवसातून दोनदा येतं, आणि परवडत नसेल तर डेअरी ‘आज तुमचं दूध नको’ एवढंच म्हणते. भावाच्या सक्तीबरोबर दूध उचलण्याची सक्तीही नसेल, तर कायदा असून शेतकरी दारात उभाच राहील.

दुसरे रस्ते आहेत. कर्नाटकाने २००८ साली सहकारी संस्थांना दूध घालणाऱ्यांना लिटरला दोन रुपये द्यायला सुरुवात केली, ते पुढे पाचवर नेले. तिथे ते वर्षानुवर्षं चालू आहे, त्यामुळे शेतकऱ्याला पुढच्या वेताचा विचार करता येतो. अमेरिकेतली २०१८ च्या शेती कायद्यातली योजना वेगळीच आहे. तिथे नुसता दुधाचा भाव बघत नाहीत, दुधाच्या भावातून चाऱ्याचा खर्च वजा करून काय उरतं ते बघतात. उरणारी रक्कम शेतकऱ्याने निवडलेल्या पातळीखाली गेली की फरक मिळतो. त्यासाठी शेतकरी थोडा हप्ताही भरतो, विम्यासारखा.

मला यातली दुसरी कल्पना आपल्यासाठी जास्त मोलाची वाटते. कारण आत्याही तसाच हिशेब एका वहीत ठेवते. एका पानावर दुधाचा दहा दिवसांचा हिशेब, समोरच्या पानावर सरकी पेंड, सुग्रास, कडबा, डॉक्टर. २०२४ च्या ऑक्टोबरचं पान तिने मला दाखवलं. तोवर मुलाच्या नावावरचे दोन बिल्ले मामांच्या नावावर झाले होते आणि तुटलेला नवा बसला होता. अनुदान तीन गाईंच्या दुधाचं आलं होतं. बाजारातून आणलेल्या गाईसाठी जुन्या मालकाची सही हवी होती, आणि तो माणूस ऊसतोडीला गेला होता.